हेराल्डची पुढची चाकं

१० मार्च २०२४, रविवार

बंगळुरातल्या चिकपेटची दुकानं बंद असली तरच आमच्या गल्लीत गाडी हलवता येते. आज सकाळी आमची जुनी हेराल्ड मोटार गोडाऊनच्या दारात आणली, पुढून जॅकने उचलली आणि दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या. डावं चाक वर-खाली धरून हलवलं की टकटक जाणवते. उजवं घट्ट आहे. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं, ते होत नव्हतं. त्याचं मूळ या डाव्या कोपऱ्यातच असणार.

या गाडीवर काम करणं सोपं आहे. बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं आणि इंजिन, स्टिअरिंगचा रॅक, दोन्हीकडचे विशबोन उघडे पडतात. चाकावर बसून काम करावं इतकी मोकळी जागा. बाकीच्या गाड्या सलग पोलादी सांगाड्याकडे वळल्या होत्या तेव्हा, १९५९ साली, हेराल्ड वेगळ्या चासीवर आली. बॉडी बनवून देणारा फिशर अँड लडलो कारखाना प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतला होता, त्यामुळे स्टँडर्ड-ट्रायम्फला दुसरा मार्ग उरला नाही. मिकेलोत्तीने रेखाटलेली बॉडी तुकड्यातुकड्यांत करून चासीवर बोल्टने बसवली. त्यांची ती अडचण आज मला उपयोगी पडते आहे, कारण प्रत्येक तुकडा सुटा होतो.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ही गाडी आपल्याकडे काढली. आमची १९६६ ची. कापडाचे नमुने घेऊन अप्पा हिच्यातूनच दावणगेरे, हुबळी करायचे.

११ मार्च, सोमवार

दुकान बंद केल्यावर रात्री भाई आले. जुन्या गाड्यांचं काम करणारे मेकॅनिक आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यांतले हे एक. डावी बाजू उघडली.

रचना लिहून ठेवतो. वर-खाली दोन विशबोन, मध्ये शॉकॲब्सॉर्बरवर चढवलेली स्प्रिंग. चाक ज्या उभ्या पोलादी तुकड्यावर बसतं ती व्हर्टिकल लिंक. तिच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट. खालच्या टोकाला आटे कापलेले आहेत आणि ते ब्राँझच्या ट्रनियनमध्ये उतरतात. स्टिअरिंग वळवलं की अख्खी लिंक या आट्यांमध्ये फिरते. नटबोल्टचे आटे आवळण्यासाठी असतात. हे आटे मात्र गाडीचं वजन पेलत सतत फिरण्यासाठी आहेत. म्हणून त्यांना तेल लागतं, आणि कंपनीने सांगितलंय ते नव्वद नंबरचं गिअर ऑइल. ग्रीस नाही.

आमच्या ट्रनियनमध्ये ग्रीस होतं, वाळून मेणासारखं घट्ट झालेलं. कुठल्यातरी गॅरेजमध्ये कुणीतरी कधीतरी निपल दिसला म्हणून ग्रीसगन लावली असणार. घट्ट ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, आत पाणी साचतं आणि गंज आट्याच्या खाचेतून पोलाद खायला लागतो. भाईंनी लिंक दिव्याखाली धरली. खालच्या आट्यांना खड्डे पडलेत. हा तुकडा तुटतो तेव्हा चाक बाहेरच्या अंगाला आडवं पडतं. बहुधा हळू वेगात, चाक पूर्ण वळवताना. हमरस्त्यावर तुटला तर काय होईल हे भाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१६ मार्च, शनिवार

दुपारी जेसी रोड. टाऊन हॉलपासून पुढे दोन्ही बाजूंना स्पेअर पार्टची दुकानं, पण हेराल्डचं नाव काढल्यावर तरुण पोरं एकमेकांकडे पाहतात. शेवटी एका आतल्या दुकानात म्हाताऱ्या मालकांनी वरच्या फळीवरून एक पेटी काढायला लावली. गझेलच्या पुढच्या दोन्ही बाजू, सुट्या केलेल्या: लिंक, ट्रनियन, हब, विशबोन. जुन्या, पण कधीतरी तेल पाजलेल्या.

गझेल म्हणजे १९७२ सालची हेराल्डची पुढची पिढी. त्याआधी १९६८ मध्ये चार दारांची हेराल्ड आली होती. गझेलमध्ये मद्रासच्या लोकांनी मागचा भाग मुळापासून बदलला. हेराल्डचे मागचे अर्धे एक्सल सुटे झुलायचे, ते काढून सरळ अखंड एक्सल दिला. इंजिन तेच ९४८ सीसीचं ठेवलं आणि पुढची रचनाही तीच राखली. त्यामुळे १९७२ नंतरचा तुकडा १९६६ च्या गाडीला लागू शकतो.

परत येताना याच गोष्टीचा विचार करत होतो. परदेशात गाडीची एक पिढी दुसरीला सहसा बसत नाही, कारण दर पाच-सात वर्षांनी सगळं नव्याने आखलं जातं. आपल्याकडे परवान्यांच्या काळात तेच साचे वर्षानुवर्षं चालले. अँबेसिडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उचलली आणि मार्क टू, थ्री, फोर करत २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनत राहिली. फियाट ११०० ची डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी एकाच घरातल्या. गिऱ्हाइकाला तेव्हा नवं काही मिळत नव्हतं आणि लोक वैतागायचे, ते रास्तच होतं. पण त्या न बदलण्यानेच आज जुन्या गाड्या रस्त्यावर ठेवल्यात. नातवाचा सुटा भाग आजोबाला लागतो.

१८ मार्च, सोमवार

अप्पांना पेटी दाखवली. त्यांचा पहिला प्रश्न: “हेराल्डला गझेलचं कशाला लावतोस? आहे तेच दुरुस्त कर ना.”

मी म्हटलं, “अप्पा, आट्यांना खड्डे पडलेत. वेल्डिंग करून परत आटे पाडले तर मी स्वतः त्या गाडीत तुम्हाला बसवणार नाही.”

त्यांनी लिंक हातात घेतली, बोट फिरवलं आणि गप्प झाले. मग म्हणाले, “पण जुना तुकडा टाकू नकोस. चिठ्ठी बांधून ठेव.”

त्यांची शंका खोटी नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ची खास पाटी मिळते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. आमचा अर्ज अजून गेलेला नाही. त्याच कुटुंबातला, त्याच रचनेचा तुकडा लावणं ही देखभाल. चासी कापून परकी रचना बसवणं हा फेरफार. रेघ इथं ओढायची असं मी ठरवलंय.

२३ मार्च, शनिवार

पाण्याची टंचाई वाढली आहे. पिण्याच्या पाण्याने गाड्या धुतल्या तर पाच हजार दंड, असा जलमंडळाचा हुकूम याच महिन्यात निघाला. पेटीतले भाग रॉकेलमध्ये भिजवले आणि पितळी ब्रशने घासले. थेंबभर पाणी लागलं नाही. घासून झालेलं रॉकेल डब्यात भरून ठेवलं. गटारात सोडायचं नाही.

मग व्हर्नियर काढला. सुटा भाग ‘बसतो’ असं म्हणताना लोक भोकं जुळली की थांबतात. खरी तपासणी त्यानंतर सुरू होते. स्टब एक्सलचा व्यास जुना आणि नवा सारखाच आहे का? आतलं-बाहेरचं बेअरिंग तेच का? विशबोनची लांबी दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत किती? स्टिअरिंग आर्मचं भोक लिंकच्या मध्यापासून किती दूर? यांतला एखादा आकडा जरा वेगळा निघाला तरी गाडी जोडली जाते, चालतेही. पण चाक वर-खाली होताना आपोआप आत-बाहेर वळत राहतं आणि खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. पेटीतल्या भागांचे आकडे आमच्या उजव्या बाजूशी जुळले.

एक गोष्ट भाईंनी दोनदा पाहायला लावली. डावी-उजवीच्या आट्यांची दिशा वेगळी असते: एका बाजूला सुलटे आटे, दुसऱ्या बाजूला उलटे. ट्रनियन आणि लिंक यांची जोडी एकाच बाजूची हवी. दुकानातल्या पेटीत भाग मिसळलेले असू शकतात, म्हणून प्रत्येक जोडी हाताने फिरवून पाहिली आणि रंगाने खूण केली.

२७ मार्च, बुधवार

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये चार लिंक घेऊन गेलो: आमच्या दोन, गझेलच्या दोन. तिथल्या अण्णांनी त्या साफ करून लाल रंगाचं पातळ द्रव फवारलं, थोडा वेळ मुरू दिलं, पुसलं आणि वर पांढरी पावडर फवारली. भेग असली तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो.

आमची डावी: आट्यांच्या वरच्या कडेला बारीक लाल रेघ. म्हणजे गंजाच्या खड्ड्यातून तडा निघालाच होता. गझेलची उजवी: तिथंही रेघ. गझेलची डावी आणि आमची उजवी स्वच्छ.

अण्णा म्हणाले, “डोळ्याला चारही सारख्याच दिसतात, साहेब.” खरं आहे. गझेलची पिढी नवी म्हणून तिचा तुकडा चांगला आणि हेराल्डचा जुना म्हणून वाईट, असं काही नसतं. कोणत्या हातात राहिला आणि तेल मिळालं की नाही, यावर सगळं ठरतं.

तडा गेलेल्या दोन्ही लिंकवर हातकरवतीने खोल काप मारला, म्हणजे पुन्हा कुणी चुकून वापरणार नाही. आमच्या डावीला अप्पांची चिठ्ठी बांधली.

३१ मार्च, रविवार

सकाळी मित्राची फियाट डिलाइट पाहायला बसवनगुडीला. तिच्या पुढच्या बाजूला त्याने पद्मिनीचं किंगपिन आणि बुश घातलेत. फियाटमध्ये आटे फिरत नाहीत. किंगपिन बुशांमध्ये फिरतं आणि तिथं ग्रीसच लागतं. नवं बुश ठोकून बसवल्यावर रीमर फिरवून किंगपिन हाताने गुळगुळीत वळेल इतकंच मोकळं करावं लागतं. ही पायरी गाळली तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

त्याच्याकडे मुंबईहून आणलेले सुटे भाग फळीभर आहेत. तो म्हणाला, “आता हे संपले की संपले.” त्यामागचं कारण टॅक्सी. कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली, तरी पद्मिनीचे भाग बनत राहिले, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी रोज ते झिजवत होत्या. गेल्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेने रस्त्यावरून उतरली. हौशी माणसाची गाडी वर्षाला चार वेळा निघते. तिच्या मागणीवर कुणी साचा चालवत नाही. जुन्या गाड्या सांभाळणारे आपण सगळे कष्टकरी गाड्यांच्या जिवावर जगत होतो, हे त्या फळीसमोर लख्ख कळलं. हेराल्ड टॅक्सीत फारशी चालली नाही आणि गझेल १९७७ ला थांबली, म्हणून आमची फळी आधी रिकामी झाली.

कुर्ल्याचं आणि या गावाचं जुनं नातं आहे, तेही मित्राला सांगितलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली आणि चार वर्षांनी मुंबईत प्रीमियर. विमान आणि मोटार दोन्ही इथंच बनावी, हा एकाच माणसाचा ध्यास.

६ एप्रिल, शनिवार

लंडनला असलेल्या आतेभावाचा फोन. तो म्हणतो, पुढचं सगळं उघडलंच आहे तर स्पिटफायरचे डिस्क ब्रेक पाठवतो, जीटी-सिक्सच्या लिंकही मिळतील.

मोह होतो. हेराल्डची ही पुढची रचना फार लांब पोचली आहे. स्पिटफायर, व्हिटेस, जीटी-सिक्स या सगळ्या ट्रायम्फ तिच्यावरच उभ्या राहिल्या, आणि ब्रिटनच्या लोटसने आपल्या सेव्हन आणि इलान या गाड्यांना ट्रायम्फच्याच व्हर्टिकल लिंक लावल्या. मॉरिस मायनरवाले असंच करतात: १९७१ च्या मरीनाची पुढची रचना मायनरच्या रचनेतूनच आलेली, म्हणून मरीनाचे हब आणि डिस्क मायनरवर चढवण्याची त्यांच्यात जुनी वहिवाट आहे. वेग वाढवलेल्या गाडीला चांगला ब्रेक हवाच, त्यात चूक काही नाही.

पण जीटी-सिक्सचा स्टब एक्सल जाड, बेअरिंग मोठं, म्हणजे हबही तिचाच हवा. डिस्क घेतल्या तर कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट आणि जुळणारा मास्टर सिलिंडर घ्यायला हवा. एक तुकडा बदलायला गेलं की त्याच्याशी बोलणारे सगळे तुकडे बदलावे लागतात, आणि पुढे कुणाला बंगळुरात त्यातलं एखादं बुश हवं झालं तर मिळणार नाही. आमची गाडी ताशी साठच्या वर जात नाही. ड्रम नीट घासून, नवे ब्रेक शू बसवून पुरेसे आहेत. आतेभावाला सांगितलं, “तू नायलॉनची ट्रनियन बुशं आणि वरचे बॉल जॉइंट पाठव. तेवढंच.”

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली, कडुनिंब-गूळ वाटला. शेजारच्यांचा उगादीचा ओब्बट्टू आला. गोडाऊनचं कुलूप काढलं नाही.

१४ एप्रिल, रविवार

आज जोडणी. क्रम लिहितो, पुन्हा लागेल.

ट्रनियन लिंकवर शेवटपर्यंत चढवून मग थोडा मागे फिरवायचा, म्हणजे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळायला वाव राहतो. चढवण्याआधी आत गिअर ऑइल, वर नवी रबरी सील. हबची बेअरिंग आवळून मग नट एका बाजूने सैल. घट्ट ठेवली तर तापून जाळ करतात.

स्प्रिंग दाबण्याचं काम भाईंनी स्वतः केलं आणि मला बाजूला उभं केलं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते. दोन्ही स्प्रिंगची मोकळी उंची आधी मोजली. पेटीतल्या गझेलच्या स्प्रिंगांपैकी एक बसलेली निघाली, म्हणून दोन्ही आमच्याच ठेवल्या. इथला नियम स्पष्ट आहे. लिंक आणि ट्रनियन एका बाजूची जोडी म्हणून बदलता येतात, दुसऱ्या बाजूला हात न लावता. स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि ब्रेक शू मात्र डावी-उजवी मिळूनच बदलायचे, नाहीतर गाडी ब्रेकखाली एका अंगाला ओढते.

विशबोनच्या रबरी बुशांचे बोल्ट नुसते हाताने लावले. गाडी घोडीवर असताना विशबोन खाली लोंबतात. तसेच आवळले तर चाकं जमिनीवर टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी खाली उतरवली, पुढून दाबून दोन-तीनदा उसळू दिली, मग खाली सरपटून शेवटचा पाना मारला. भाईंच्या वयाला हे झेपत नाही, म्हणून ते मी केलं. ते पायाशी बसून प्रत्येक बोल्टचं नाव घेत होते आणि मी ‘झालं’ म्हणत होतो.

२० एप्रिल, शनिवार

अलाइनमेंट. खालच्या विशबोनचे ब्रॅकेट चासीला लागतात, तिथं पातळ शिम घालून-काढून कॅम्बर साधतात. डाव्या बाजूला एक शिम कमी करावी लागली. साहजिक आहे: लिंक दुसऱ्या गाडीची, चासी आमची, दोघींच्या झिजेचा इतिहास वेगळा. टो-इन अगदी किंचित आत ठेवलं.

मग गल्लीत परीक्षा. हेराल्ड पंचवीस फुटांत, म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास, पूर्ण वळते. मेट्रो स्टेशनकडून येणाऱ्या हातगाड्या, कापडाचे गठ्ठे वाहणारे हमाल, स्कूटर, या सगळ्यांतून पेठेत गाडी वळवायची तर ही देणगी मोठी. १९५० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या अरुंद गल्ल्या डोळ्यांसमोर ठेवून कुणी हे साधलं असेल. उपयोग केंपेगौडांच्या पेठेला झाला. दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. टकटक गेली. हात सोडला की स्टिअरिंग आपलं आपण सरळ येतं.

२३ एप्रिल, मंगळवार

आज रात्री करगा उत्सवाची मिरवणूक. धर्मरायाच्या देवळातून निघून पेठेच्या गल्ल्यांतून फिरेल, कॉटनपेटेत मस्तान साहेबांच्या दर्ग्यात जाईल. वाट मोकळी हवी म्हणून हेराल्ड दुपारीच गोडाऊनमध्ये आत घेतली. भाईंचं घर दर्ग्याजवळच. त्यांच्याकडून रात्री जेवणाचं बोलावणं आहे.

२८ एप्रिल, रविवार

सकाळी उन्हं चढायच्या आत अप्पांना घेऊन लालबागपर्यंत. वाटेत खडबडीत रस्ता मुद्दाम घेतला. अप्पा म्हणाले, “हुबळीला जाईल ही.” मी म्हटलं, “आधी पाचशे किलोमीटर इथंच, मग पुन्हा सगळे बोल्ट तपासायचे, मग हुबळी.” त्यांनी मान डोलावली.

घरी आल्यावर एक पान वेगळं लिहून प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि नोंदणीच्या कागदांसोबत ठेवलं. जुन्या गाडीत वेगवेगळ्या पिढ्यांचे भाग मिसळले की पुढच्या माणसाला ते डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, आणि न ओळखता त्याने चुकीचं बुश मागवलं किंवा चुकीचं वंगण भरलं तर आमच्या या कामावर पाणी पडेल. म्हणून त्यावर इतकंच आहे:

डावी बाजू: गझेलची व्हर्टिकल लिंक आणि ट्रनियन, मार्च २०२४ मध्ये रंगाने तपासलेली, तडा नाही. उजवी बाजू: मूळ हेराल्डची, तीच तपासणी, तडा नाही. विशबोन, स्प्रिंग, रॅक मूळचे. वरचे बॉल जॉइंट आणि ट्रनियन बुशं नवी. ब्रेक चारही ड्रम. मूळ डावी लिंक तडा गेलेली, गोडाऊनच्या वरच्या फळीवर, चिठ्ठीसह, वापरू नये.

आणि खाली लाल शाईने, मोठ्या अक्षरांत: ट्रनियनमध्ये गिअर ऑइल, नव्वद नंबर. ग्रीसगन लावू नये. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा तेल भरावे.